चू शीचा नियम आणि राजमातेचा कौल

चिनी ‘ई चिंग’ ग्रंथांत सहा रेखांच्या चौसष्ट आकृति आहेत. पन्नास काड्यांपैकीं एकोणपन्नास वारंवार विभागून प्रत्येक रेखेस ६, ७, ८ किंवा ९ हा अंक येतो. ६ व ९ च्या रेखा पालटतात आणि एका आकृतीची दुसरी होते. मग फल कोणत्या वाक्यावरून सांगावें?

चू शी (इ. स. ११३०–१२००) यानें ११८६ मध्यें याचे नियम बांधले. एक रेखा पालटल्यास त्या रेखेचें वाक्य घ्यावें. पांच पालटल्यास दुसऱ्या आकृतींतील स्थिर रेखेचें. याच मापानें त्यानें ‘त्सो च्वान’ या इतिहासांतील एका दैवज्ञास दोष दिला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

लू राज्याची राजमाता मू च्यांग कटामुळें पूर्वप्रासादांत कोंडली गेली, तेव्हां तिला ‘कन’ आकृति पडली. खालून दुसरी रेखा स्थिर, बाकी पांच पालटून ‘स्वेइ’. दैवज्ञ म्हणाला, स्वेइ म्हणजे बाहेर पडणें. आपण लवकरच सुटाल. राजमातेनें तें मानिलें नाहीं. स्वेइचें शुभफल चार सद्गुण अंगीं असणारास. मजपाशीं एकही नाहीं, मी येथेंच मरणार, असें ती म्हणाली. इ. स. पू. ५६४ त ती तेथेंच वारली. चू शी म्हणतो, स्वेइच्या दुसऱ्या रेखेचें वाक्य घ्यावयास हवें होतें. पण राजमातेनेंही समग्र आकृतीचेंच वाक्य घेतलें, आणि तिचें भाकित खरें ठरलें! साडेसतराशें वर्षांनंतरचा नियम त्या दैवज्ञाच्या माथीं कां मारावा?

शिवाय ‘अमुक चि तमुक’ या सूत्रांतील ‘चि’ चा अर्थ ‘जाणें’ असा होतो, तसा षष्ठीचाही. इ. स. पू. ५१३ मध्यें त्साय मो ‘छ्येन’ आकृतींतील नागांविषयीं बोलतांना रेखांचा निर्देश याच सूत्रानें करतो. तेथें कौल लाविलाच नव्हता, पालटणार काय? म्हणजे हें बहुधा रेखेचें नांव, आणि ‘चि’ ही षष्ठीच. (पांच रेखांचा राजमातेचा कौल मात्र या अर्थांत बसत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.)

नियम तंतोतंत लागू पडतो तेथें काय घडलें, तेंही पहावें. इ. स. पू. ५३० त नान ख्वाय यानें बंडाचा बेत मनांत धरून कौल लाविला. ‘ख्वन’ची पांचवी रेखा पालटली, तिचें वाक्य परम शुभ. एका सरदारानें बजाविलें कीं, हें फल निष्ठावंताच्या कार्यास. घातकी कामास हा ग्रंथ विचारूंच नये. नान ख्वायनें बंड केलें, तें फसलें, आणि त्यास छी राज्यांत पळून जावें लागलें.