घोड्याले आसवं, मोतद्दाराले काय?

दोस्तहो, अमरावतीच्या खोलीवर 'वॉर हॉर्स' पाहताना आपल्यातले दोघं-तिघं रडले. रडा बापा, पण कोणासाठी रडलो ते तपासा.

मायकेल मॉर्पर्गोच्या १९८२ च्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पीलबर्गनं २०११ मध्ये हा सिनेमा केला. इंग्लंडातल्या गरीब कुळाचा पोरगा जोई नावाचा घोडा वाढवतो. १९१४ ले लढाई लागते, बाप घोडा फौजेले विकतो. घोडा इंग्रजांकडून जर्मनांकडे जातो, तोफा ओढतो, शेवटी पोराले भेटतो.

दिग्दर्शक हुशार आहे. घोडदळाच्या हल्ल्यात मशीनगनांवरून रिकाम्या खोगिराचे घोडे उड्या घेतात. माणसं मेली हे खोगिरावरून समजतं. तारेत अडकलेला जोई सोडवायला एक इंग्रज न् एक जर्मन शिपाई एकत्र येतात, तेही चोख. पण पळालेल्या दोन जर्मन भावांना गोळ्या घालतात, त्याच क्षणी समोरून पवनचक्कीचं पातं फिरतं. मरण झाकलं. लेकराबाळांसाठी झाकलं म्हणतील. मग घोड्याच्या अंगात रुतलेली तार दाखवता, माणसाचं मरण काऊन झाकता?

घोड्यासाठी रडणं सोपं. तो मजुरी मागत नाही. लढाई कोणी लावली हे तो विचारत नाही, म्हणून सिनेमाही विचारत नाही.

त्या लढाईत दहा लाखांवर हिंदी माणसं देशाबाहेर गेली. फ्रान्समध्ये हिंदी घोडदळ होतं, रसद वाहणारी खेचरपथकं होती, घोड्यांचं दाणापाणी करणारे मोतद्दार होते. त्यांची गोष्ट या सिनेमात नाही. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली होती. गरज पडली तेव्हा १९१७ ले १११ महार पलटण उभी केली, १९२१ ले मोडली. लढाई सरल्यावर जोईले लिलावात काढतात तेव्हा आपण हळहळतो. काम सरलं की मोडीत, ही गोष्ट आपल्या घरची आहे.

महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत, आपल्या माणसांना बंदी होती. १९२७ ले बाबासाहेबांना तिथं सत्याग्रह करावा लागला. म्हणून जनावराच्या कळवळ्यावर माणुसकी मोजणारा सिनेमा माझ्या गळी उतरत नाही. कळवळा खोटा नाही, अर्धा आहे.

मी अकोल्याच्या डाळमिलात पोती उचलतो. स्पीलबर्ग आपली गोष्ट सांगायला येणार नाही. आपापल्या गावात विचारा, कोणाचा पणजा पलटणीत होता, परतल्यावर त्याले पाणी कोणत्या विहिरीवर भेटलं. ते लिहा न् पाठवा.

जय भीम.