सोसलेले बालपण आणि निवेदकाची कृतज्ञता

मराठी आत्मपर गद्यात बालपणी खाल्लेल्या माराला, काढलेल्या उपासांना आणि वाट्याला आलेल्या हेळसांडीला मोठी जागा आहे. समीक्षेने मात्र या अनुभवांची दखल बहुधा ‘संस्कार’ आणि ‘जिद्द’ या दोनच संज्ञांत घेतली. पांढरपेशा घरातला मार संस्कार ठरतो. वंचित घरातली हेळसांड जिद्दीची पार्श्वभूमी ठरते. दोन्ही वाचनांत गृहीतक एकच आहे : मूल पुढे कोण झाले, यावरून त्याने काय सोसले याचे मोल ठरवायचे. हे गृहीतक रुजण्याचे एक कारण आत्मकथन या वाङ्मयप्रकारातच आहे. तेथे बोलणारा आवाज तगून राहिलेल्या मुलाचा असतो. जे तगले नाही ते मूल आत्मकथन लिहीत नाही. म्हणूनच भोगणारे मूल आणि सांगणारा प्रौढ यांतील अंतर तपासणे, हे अशा संहितांच्या वाचनातील पहिले काम ठरते.

न तगलेल्या मुलांची नोंद शोधायची तर वाङ्मयाच्या रूढ सीमेबाहेर जावे लागते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याचे वर्ष १८६३ असे सांगितले जाते. ४ डिसेंबर १८८४च्या टिपणात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर तेथे ३५ गरोदर विधवा बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या मुलांपैकी केवळ ५ जिवंत होती. उरलेल्या ३० मुलांच्या मृत्यूचे कारणही ते नोंदवतात : गरोदरपण लपवण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच झालेली इजा. या नोंदीला अलंकरण नाही, विलापही नाही. तरीही तिच्यातील कार्यकारणभाव लक्षणीय आहे. मुलाला इजा करणारे औषध आईने घेतले. पण ते घेण्याची पाळी तिच्यावर लोकलज्जेने आणली. गृहाचा दरवाजा उघडा असूनही बहुतेक जणी तेथे उशिरा पोहोचल्या, हेही हा हिशेब सांगतो. नावातला ‘प्रतिबंधक’ हा शब्द येथे आपली मर्यादा स्वतःच दाखवतो. प्रतिबंधाची जागा बाळंतिणीच्या खोलीच्या आधी, तिच्या घरात आणि आळीत असते.

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) याच प्रश्नातून निघाली. सुरतेच्या विजयलक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर झोड उठली आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर दिले. आरोपी एक आणि दोषी अनेक, हे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र आहे. पुनर्विवाहाची बंदी, फसवून नामानिराळा राहणारा पुरुष आणि मग न्यायनिवाडा करायला बसणारा समाज, अशी दोषाची साखळी त्या उभी करतात. स्त्रीवादी समीक्षेने या संहितेचे महत्त्व योग्यच अधोरेखित केले आहे. मात्र तिचा केंद्रबिंदू विधवा स्त्री आहे. ज्याच्या मृत्यूपासून वाद सुरू झाला ते मूल युक्तिवादाच्या कडेलाच राहते. स्त्रीवरचा अन्याय आणि मुलावरची हिंसा या दोन्ही गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात धरण्याचे काम त्या काळात फुल्यांच्या रुक्ष टिपणाने अधिक केले, असे म्हणावे लागते.

विसाव्या शतकात मूल मराठी गद्याच्या केंद्रस्थानी आले ते ‘श्यामची आई’मध्ये (१९३५). पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते, हा प्रसंग वाचकांच्या पिढ्यांनी मायेचे उदाहरण म्हणून जपला. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही आईची भूमिका निवेदक पूर्णपणे स्वीकारतो. येथे कथनाची चौकट पाहावी लागते. प्रौढ श्याम रात्री आश्रमातल्या सोबत्यांना या आठवणी सांगतो. ते आधीच भारावलेले आहेत आणि सांगणाऱ्याची मातृभक्ती त्यांना मान्य आहे. माराविषयी प्रश्न विचारणारा श्रोता या वर्तुळात नाही. तरीही साने गुरुजींच्या संहितेचा प्रामाणिकपणा असा की तिने मुलाची भीती आणि त्याच्या अंगावर उठलेले वळ पुसून टाकले नाहीत. ते पुसले वाचनव्यवहाराने. एका विशिष्ट आईचे, दारिद्र्याने आणि मानापमानाने वेढलेले वर्तन त्याने सर्व घरांसाठी नियम केले. या आईजवळ माराच्या मागेपुढे अपार जिव्हाळा होता. नियम उचलणाऱ्या प्रत्येक घरात तो असेलच, याची हमी कोणी द्यावी?

किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) कृतज्ञतेची ही चौकट मोडते. तमाशात नाचणारी आई मुलाला मागे ठेवून एका पुरुषाबरोबर जाते. मूल आजोबांच्या घरी राबते, मार खाते आणि शिकत राहते. निवेदक आईविषयीचा राग लपवत नाही, पण आपल्या नावात तिचेच नाव लावतो. या दोन कृतींत विसंगती शोधण्याचे कारण नाही. मुलीच्या कमाईवर घर चालवणारी आणि तिला लग्नाचा अधिकार नाकारणारी रीत या पुस्तकात इतकी स्पष्ट दिसते, की आई गुन्हेगार की बळी, हा प्रश्न अपुरा ठरतो. ती स्वतःही अशाच एका बालपणातून आलेली आहे. असे असताना ‘कोल्हाट्याचं पोर डॉक्टर झालं’ एवढ्यावर समाधान मानणारे वाचन त्याच घरात, त्याच वयाच्या आणि शाळेऐवजी बोर्डावर गेलेल्या मुलींकडे पाठ फिरवते.

या वाचनाचे परिणाम वाङ्मयापुरते राहत नाहीत. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले आणि बहुसंख्य मुलांनी आपल्यावरील अत्याचार कोणालाही सांगितला नव्हता. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळेतली शारीरिक शिक्षा निषिद्ध केली. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२च्या कायद्याने तर अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली. कायद्याने साक्षीदार असा कर्तव्यबद्ध केला असताना मार म्हणजे माया आणि हाल म्हणजे घडण, हे समीकरण मनात मुरलेला साक्षीदार समोरचे वळ पाहूनही ते ओळखणार नाही. हे समीकरण रुजवण्यात पाठ्यपुस्तकांचा आणि समीक्षेचा वाटा आहे.

तेव्हा निवेदकाच्या कृतज्ञतेचा अनादर न करता तिला पुरावा मानणे थांबवणे, एवढी अपेक्षा समीक्षेकडून करता येईल. क्षमा करण्याचा अधिकार सोसणाऱ्याचा आहे. वाचकाला तो आपोआप मिळत नाही. बालपणाची कोणतीही संहिता वाचताना त्या प्रसंगी घरात आणखी कोण होते, शेजारी कोणाला आवाज ऐकू गेला, शिक्षकाला काय दिसले, आईच्या पाठीशी कोण उभे होते, हे प्रश्न विचारता येतात. संहितेत त्यांची उत्तरे सापडतात किंवा त्यांचे मौन सापडते. फुल्यांच्या हिशेबातील ती ३० मुले अशा मौनाचीच नोंद आहेत. त्यांची बाजू मांडणारा निवेदक कधीच येणार नसल्याने ती जबाबदारी वाचणाऱ्यांवर येते.