मायना आणि मागणी : फिलेमोनास लिहिलेल्या पत्राची रचना

अंजनगाव सुर्जी येथे 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. उभय पक्षांत निरंतर शांतता व मैत्री राहील, असे त्याचे पहिले कलम सांगते. दुआबातील मुलूख, भडोच आणि अहमदनगर सोडून देण्याची कलमे त्यानंतर येतात. मैत्री आधी आणि मागणी मागून, हा क्रम राजकीय लेखनाचा शिष्टाचार होय. परंतु मागणी मान्य होण्याचे कारण त्या क्रमात नव्हते. ते त्याच वर्षी असई, लासवारी व आडगाव येथील लढायांत ठरून गेले होते. ज्याच्या हाती असे कोणतेही बळ नाही, त्याने हाच क्रम स्वीकारला तर शब्दरचनेवर किती भार पडतो, हे आद्य ख्रिस्ती पत्रवाङ्मयात पाहावयास मिळते.

पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र अवघ्या 25 वचनांचे आहे. पौल बंदिवासात आहे. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याच्यापाशी आला असून त्याला तो परत पाठवीत आहे. अनेसिम पळून आला होता, असे परंपरा मानते. पत्रात मात्र तसा शब्द नाही. दासाला बंधू म्हणून स्वीकारावे, ही पत्रातील मागणी.

मायन्यापासूनच युक्तिवाद सुरू होतो. इतरत्र स्वतःस प्रेषित म्हणविणारा पौल येथे केवळ बंदिवान म्हणून उभा राहतो. पुढे आज्ञा करण्याचा आपला अधिकार तो बोलून दाखवितो आणि लगेच बाजूला ठेवून विनंती करतो. अधिकार सोडला खरा, पण तो दाखवून सोडला. अनेसिमाचे नाव दहाव्या वचनापर्यंत येत नाही. आणि मूळ ग्रीक वाक्यात ‘माझे लेकरू’ हे नाते आधी येते, नाव अगदी शेवटी. या नावाचा अर्थच ‘उपयोगी’. पूर्वी निरुपयोगी असलेला हा मनुष्य आता उपयोगी झाला, ही कोटी त्या नावावरच उभी आहे.

आभारप्रदर्शनात फिलेमोनाने पवित्र जनांची अंतःकरणे शांत केली, अशी स्तुती आहे. तेथील ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आतडी असा आहे. बाराव्या वचनात अनेसिम हाच पौलाचे आतडे ठरतो आणि विसाव्यात ‘माझे आतडे शांत कर’ अशी याचना येते. स्तुती म्हणून पेरलेला शब्द मागणी होऊन उगवतो. ज्या भाषेत मायेचे माणूस आतड्याचे असते आणि दुःखाने आतडे तुटते, त्या मराठीत ही साखळी जशीच्या तशी राखता येण्यासारखी आहे. अनुवादकाने तीन ठिकाणी तीन पर्याय योजिले की ती तुटलीच.

दुसरी अडचण सर्वनामाची. मागणी एकट्या फिलेमोनास, म्हणजे एकवचनात आहे. परंतु मायन्यात अप्फिया, अर्खिप्प व घरची मंडळी यांचीही नावे आहेत आणि आरंभीचा व अखेरचा आशीर्वाद अनेकवचनी आहे. पत्र सर्वांसमक्ष वाचले जाणार होते. फिलेमोनाचा निर्णय साक्षीदारांच्या देखत व्हावयाचा होता. मराठीत आदरार्थी ‘तुम्ही’ योजिले तर हा भेद पुसला जातो. ‘तू’ योजिल्यास भेद राहतो. पण गृहस्थाशी राखलेली अदब जाते. मराठीतील ‘तू’ देवालाही चालतो आणि चाकरालाही.

मायन्याचा हा पेच आपल्याकडे चांगदेवाच्या आख्यायिकेत आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने थोर. म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थरूप’, हे न उमगल्याने त्याने कोरा कागद पाठविला, असे सांगतात. उत्तरादाखल आलेल्या 65 ओव्यांत लिहिणारा व वाचणारा यांतील भेदच मावळतो. पौलास ती वाट मोकळी नाही. धनी आणि दास यांतील भेद तत्त्वचिंतनाने नाहीसा होणारा नव्हता. म्हणून तो एकेक नाते बदलीत जातो: दासाचे लेकरू, लेकराचे आतडे, अखेर बंधू.

या कौशल्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. अनेसिमास मुक्त कर, असे पौल कोठेही उघड म्हणत नाही. सांगितले त्याहून अधिक करशील, एवढाच विश्वास दर्शवितो. या मोघमपणामुळेच एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक व विरोधक या दोघांनीही याच पत्राचा आधार घेतला. शिवाय ज्याच्या भवितव्याविषयी एवढी शब्दयोजना झाली, त्याचे स्वतःचे एकही वाक्य पत्रात नाही. अंजनगावच्या तहात दुआबातील रयतेचा शब्द नाही, तसाच येथे दासाचा नाही. तह आणि पत्र यांत अंतर आहे ते एवढेच, आणि ते थोडे नव्हे: तहाने फिलेमोनासारख्याला नकाराची वाट ठेवली नसती, पत्राने ती उघडी ठेवली आणि तिच्यावरून जाणे मात्र लाजिरवाणे करून सोडले.