‘किंगडम ऑफ हेवन’मधला हरवलेला जेरार

रिडली स्कॉट यांचा ‘किंगडम ऑफ हेवन’ हा २००५ सालचा चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. क्रुसेडवाल्यांच्या हातून येरुशलेम कसे गेले, त्याची ही गोष्ट. देखावे भव्य आहेत, कुष्ठरोगी राजा बाल्डविन तर मनातून जात नाही. माझी तक्रार आहे ती टेम्प्लरांचा मास्टर जेरार द रिदफोर याच्याबद्दल. चित्रपटात तो असून नसल्यासारखा आहे. त्याची बरीचशी करणी राजा गी आणि रेनाल्ड या दोघांच्या पदरात टाकली आहे.

टेम्प्लर म्हणजे शपथ घेतलेले लढवय्ये साधू. आपल्याकडे शस्त्रधारी गोसावी असत, तसे काहीसे. लग्न त्यांना वर्ज्य. गी आणि रेनाल्ड दोघेही बायकोवाले, आणि बायकोमुळेच मोठे झालेले. ते टेम्प्लर असणे शक्यच नव्हते.

खरा जेरार पश्चिमेकडून नशीब काढायला आला आणि त्रिपोलीचा काउंट रेमंड याच्या चाकरीत राहिला. चांगली वतनदार मुलगी आली की तुला देईन, असा रेमंडचा शब्द होता. आजच्या लेबानोनमधल्या बत्रूनची वारस मुलगी लग्नाची झाली, तेव्हा रेमंडने ती पिसाच्या एका धनिकाला दिली. मुलीला तराजूत बसवून तिच्या भारंभार सोने घेतले म्हणे! जेरार पुढे आजारी पडला, टेम्प्लरांत शिरला, आणि ११८५ च्या सुमारास मास्टर झाला.

११८६ मध्ये सिबिलाच्या राज्याभिषेकाची वेळ आली. मुकुटाच्या पेटीची एक किल्ली जेरारकडे होती, एक हॉस्पिटलर पंथाच्या मास्टरकडे. तो देईना, शेवटी वैतागून त्याने ती फेकून दिली. सिबिलाने मुकुट आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे गीच्या डोक्यावर ठेवला. रेमंडला गी नको होता. बत्रूनचे उट्टे आज फिटले, असे जेरार तेव्हा बोलल्याचे बखरीत आहे. एवढे नाट्य आयते हाताशी असताना पटकथाकाराने ते सोडावे, याचे नवल वाटते.

पुढचे आपल्या रोजच्या रस्त्यावरचे आहे. १ मे ११८७ रोजी नात्सरेतजवळच्या झऱ्यांपाशी जेरारने सुमारे १३० घोडेस्वार सरदार घेऊन सलादिनच्या कितीतरी मोठ्या तुकडीवर झडप घातली. मागे फिरा म्हणणारे मेले, जेरार दोघाचौघांसह निसटला. २ जुलैला सगळे सैन्य त्सिपोरीच्या पाण्यावर होते. रेमंडची बायको तिबेरियाच्या किल्ल्यात अडकलेली, तरी तोच म्हणाला, पाणी सोडू नका. सर्वांनी मान्य केले. रात्री जेरार राजाच्या तंबूत गेला आणि पहाटे कूच ठरले. ४ जुलैला हित्तीनच्या शिंगांपाशी सगळे संपले.

चित्रपट म्हणतो की हे धर्मवेडाने झाले. जेरारचे चरित्र म्हणते, धर्माच्या झग्याखाली एका मोडलेल्या लग्नाचा राग होता. हे कारण मला जास्त खरे वाटते, आणि जास्त भीतीदायकही.

पण इथेही सबुरी हवी. बखर वाचताना ती कोणाच्या घरी लिहिली ते आधी पाहावे. जेरारविषयीचे बरेचसे कडू बोल एर्नूलच्या वृत्तांतातून आलेत, आणि हा एर्नूल बालियनच्या पदरी होता. बालियन रेमंडच्या गटातला, आणि चित्रपटाचा नायकही तोच! आठशे वर्षांपूर्वीचा पक्षपात हॉलिवूडने न विचारता पुढे चालवला. ११८३ मध्ये एन हरोदच्या परिसरात गी लढाई टाळून बसला होता, तर त्याला भित्रा ठरवून कारभारावरून काढले होते. तंबूतल्या त्या रात्री हे दोघांनाही आठवत असणार. शिवाय इंग्लंडच्या राजाने टेम्प्लरांकडे ठेवलेला पैसा जेरारने याच फौजेवर खर्च केला होता. बसून राहणे त्यांनाही स्वस्त नव्हते.

हित्तीननंतर पकडलेल्या टेम्प्लरांची मुंडकी उडाली, मास्टर मात्र जिवंत राहिला. त्याच्या सुटकेसाठी गाझाचा किल्ला दिला गेला. ४ ऑक्टोबर ११८९ रोजी अक्कोच्या वेढ्यात तो मेला. हा शेवट दाखवला असता तर प्रेक्षकाला त्याला नुसता खलनायक म्हणता आले नसते.

आपल्या दृष्टीने आणखी एक उणीव आहे. १०९९ नंतर क्रुसेडवाल्यांनी येरुशलेममध्ये यहुद्यांना राहू दिले नाही. पुढे तुदेलाच्या बिन्यामिनला तिथे थोडे रंगारी तेवढे भेटले. हित्तीनमुळे ते दार उघडले. सलादिनने यहुद्यांना परत बोलावले, असे कवी अल-हरीझी याने नंतर तिथे जाऊन लिहून ठेवले आहे. शहर कोणाचे, या प्रश्नावर इतकी भाषणे देणाऱ्या चित्रपटात आपण जाता जाता येतो.

पाहायचाच तर तीन तासांहून मोठी, दिग्दर्शकाने स्वतः जुळवलेली आवृत्ती पाहा. त्यात सिबिलाच्या लहानग्या मुलाचा कापलेला भाग परत आला आहे आणि तिचे वागणे समजते. जेरार तिथेही मागेच उभा आहे.