मुद्रिकेची साक्ष : ‘शाकुंतल’, ‘मुद्राराक्षस’ आणि बोटातली बँक

‘शाकुंतला’तली अंगठी म्हटले की आपल्याला शचीतीर्थ आठवते, रोहित मासा आठवतो, कोळ्याला दरडावणारे शिपाई आठवतात. पण कालिदासाने ती पहिल्यांदा दाखवली आहे ती पहिल्याच अंकात, आणि तिथे तिचा विरहाशी काहीही संबंध नाही. तिथे ती कर्ज फेडायला पुढे येते. प्रियंवदा शकुंतलेला अडवते : दोन झाडांना पाणी घालायचे तुझ्याकडे बाकी आहे, ते फेड आणि मग जा. दुष्यंत मध्ये पडतो आणि त्या बदल्यात स्वतःच्या बोटातली अंगठी देऊ करतो. मैत्रिणी तिच्यावरची नाममुद्रा वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. आपण सापडलो हे ओळखून राजा सारवासारव करतो, की ही राजाकडून मिळालेली आहे, मी राजाचा माणूस. म्हणजे अंगठीने व्यवहार केला, त्याच वेळी ओळख फोडली, आणि मालकाला खोटे बोलायला लावले. प्रियंवदा मात्र शहाणी. अंगठी बोटातच राहू द्या, तुमच्या शब्दानेच हिचे ऋण फिटले, असे सांगून ती अंगठी परत करते. संपूर्ण नाटकात वस्तूपेक्षा शब्दाला जास्त किंमत देणारी ही एवढीच जागा असावी.

हा प्रसंग मी नव्याने वाचू लागलो तो बोटात घालायच्या पैशाच्या अंगठ्यांमुळे. कल्पना तशी जुनी आहे. 1998 साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या परिषदेत आलेल्यांना ‘जावा रिंग’ नावाची, खड्याच्या जागी इवलासा संगणक बसवलेली अंगठी वाटली गेली होती. ती यंत्राला टेकवली की तुम्हाला कॉफी कशी हवी हे यंत्राला कळे. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हिसाने आपल्या प्रायोजित खेळाडूंना पैसे देण्याची अंगठी दिली. पुढे घड्याळाच्या दुकानात सहज मिळावी इतकी ही वस्तू सवयीची होऊ लागली. आत एक चिप आणि तारेची बारीक वेटोळी, बॅटरी नाही. दुकानातल्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्रच तिला क्षणभर वीज पुरवते. त्यासाठी ती काही सेंटिमीटरच्या आत यावी लागते. कार्डाचा खरा क्रमांक तिच्यात ठेवत नाहीत, त्याच्या जागी दुसराच एक बदली क्रमांक असतो, आणि दर व्यवहाराला एक नवी गुप्त खूण तयार होते. चोरून ऐकलेली जुनी खूण पुन्हा चालत नाही. काही अंगठ्यांनी कुलूपही उघडते, संगणकही उघडतो.

मराठीत ‘मुद्रा’ म्हणजे शिक्का, मुद्रा म्हणजे नाणे आणि मुद्रा म्हणजे चेहराही. हे तीन अर्थ एका शब्दात का राहतात, याचा एवढा चपखल खुलासा कोशकारांनाही सुचला नसता.

मराठी टीकेत ‘शाकुंतला’तल्या अंगठीवर पुष्कळ चर्चा झाली, पण ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती : शाप आणि अंगठी आणून कालिदासाने दुष्यंताला वाचवले का? महाभारतात अंगठी नाही. तिथली शकुंतला भर सभेत वाद घालते आणि शेवटी आकाशवाणी तिच्या बाजूने साक्ष देते. कालिदासाने आकाशवाणीच्या जागी अंगठी आणली, त्यामुळे राजाचे चारित्र्य राहिले, असा हा युक्तिवाद. तो मला पटतो, पण अपुरा वाटतो. त्यात अंगठीकडे कथानकाची सोय म्हणूनच पाहिले जाते. पाचव्या अंकात खरे तर एक तपासणी चालली आहे. अंगठी नाही म्हटल्यावर शकुंतला दुसरा पुरावा देते, दोघांनाच माहीत असलेली आठवण. नवमालिकेच्या मांडवात कमळाच्या पानात पाणी होते, दीर्घापांग नावाचे हरणाचे पाडस राजाच्या हातून प्यायले नाही, तिच्या हातून प्यायले. बँका विचारतात त्या गुप्त प्रश्नाचेच हे उत्तर आहे. पण ज्याच्याशी ताडून बघायचे त्या स्मृतीतच ते नाही. राजा ही बायकांची गोड बतावणी ठरवून हसतो. माणूस समोर उभा आहे, उत्तर बरोबर आहे, आणि प्रवेश नाकारला गेला आहे.

विशाखदत्ताने याची उलटी बाजू लिहिली. ‘मुद्राराक्षसा’त शिक्का हजर आहे, माणूस गैरहजर आहे, आणि सगळी दारे उघडत जातात. आजच्या अंगठीबद्दल विचार करायचा तर हे नाटक ‘शाकुंतला’पेक्षा जवळचे आहे, आणि आपण ते कमी वाचतो, ही माझी तक्रार. (काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी 1884 साली मुंबईच्या संस्कृत मालेत त्याची आवृत्ती काढली. कायद्याचा माणूस आणि पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश या नाटकाकडे वळावा, हे मला योग्यच वाटते.)

घटना अशी. नंदांचा अमात्य राक्षस पाटलीपुत्र सोडताना बायकामुले जवाहिऱ्या चंदनदासाकडे ठेवतो. निघताना त्याच्या हातातली नाममुद्रा बायको मागून घेते, विरहात जवळ असावी म्हणून. चाणक्याचा हेर निपुणक यमाचा पट दाखवत त्या घरी पोचतो. पाचेक वर्षांचा मुलगा दारात येतो, आईचा हात त्याला आत ओढतो, आणि पुरुषाच्या मापाची ती अंगठी तिच्या बोटातून निसटून उंबऱ्याबाहेर घरंगळते. निपुणक ती चाणक्याला नेऊन देतो. चाणक्य ती तोडत नाही, वितळवत नाही, तिची नक्कलही करत नाही. राक्षसाचा मित्र शकटदास याच्याच हस्ताक्षरात, कोणाचे कोणाला हे न लिहिलेले एक पत्र तो कपटाने मिळवतो, त्यावर खऱ्या अंगठीचा खरा शिक्का उमटवतो आणि पत्र व अंगठी दोन्ही आपल्या सिद्धार्थकाकडे देतो.

खरी चलाखी पुढे आहे : अंगठी परत जाते. सिद्धार्थक शकटदासाला वधस्तंभावरून सोडवून राक्षसाकडे नेतो, बक्षीस म्हणून दागिने मिळवतो आणि सांगतो, हे सध्या तुमच्याकडेच ठेवा, यावर या अंगठीची मोहोर करा. राक्षस स्वतःची अंगठी ओळखतो. चंदनदासाच्या दारात सापडली, हे उत्तर त्याला पुरते. आनंदाने ती घेऊन तो शकटदासाला देतो, की यापुढे आपला कारभार हिनेच चालव. हरवलेल्या काळात तिने काय केले, हा प्रश्न त्याच्या मनातच येत नाही. हरवलेली किल्ली परत मिळाली की आपणही कुलूप बदलत नाही.

पाचव्या अंकात मलयकेतूच्या छावणीतून परवान्याच्या मुद्रेशिवाय कोणाला बाहेर पडता येत नाही. (कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त असे परवाने देणारा मुद्राध्यक्ष आहे, त्याची एक माषक फी आहे आणि बनावट मुद्रेला दंडही आहे.) सिद्धार्थक मुद्दाम परवान्याविना सापडतो. त्याच्याकडे ते पत्र, आणि राक्षसाच्या मोहोरेची दागिन्यांची पेटी. मोहोर खरी, अक्षर खरे, दागिने मलयकेतूनेच राक्षसाला दिलेले. शकटदासाला बोलावून विचारावे, असे निघते तेव्हा भागुरायण ते शिताफीने टाळतो : तो राक्षसासमोर कबूल होणार नाही, त्यापेक्षा त्याचे दुसरे अक्षर आणा आणि ताडून पाहा. मुद्राही मागवली जाते. दोन्ही जुळतात. लिहिणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, कारण आता त्याची गरज उरलेली नाही. मला हा प्रसंग नाटकातल्या कोणत्याही वधापेक्षा भयंकर वाटतो. राक्षस स्वतःही अंगठीवर विश्वास ठेवतो. शिक्का खोटा असेल असे न म्हणता, बायकामुलांसाठी शकटदास फितूर झाला, असे तो मनाशी ठरवतो. पुरावा इतका पक्का आहे की निर्दोष माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून मित्राला दोषी धरतो.

अंगठीची जाहिरात करणारे तिची नक्कल होत नाही हे पुन्हा पुन्हा सांगतात, आणि ते खरे आहे. पण नक्कल न होणे हा राक्षसाचा बचाव नाही, तोच त्याचा घात आहे. वस्तू जितकी अभेद्य, तितके ‘हे मी केले नाही’ म्हणणे अवघड. काही अंगठ्यांत बोटाचा ठसा ओळखायची सोय आहे हे खरे. साध्या अंगठीला मात्र आपण कोणाच्या बोटात आहोत हे ठाऊक नसते. भारतात 1 जानेवारी 2021पासून टेकवून होणाऱ्या कार्डव्यवहाराला 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही. तेवढ्यापुरती अंगठी एकटीच बोलते. शिवकालीन पत्रांत वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे, म्हणजे मजकूर संपल्यावर खाली कोणी काही घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्या संशयातून आला, आणि आपण तो आता निश्चितीसाठी वापरतो.

वाल्मीकीची सीता या बाबतीत सर्वांत दक्ष. ती आधी हनुमानाला रामाच्या खुणा विचारते, अंगठी त्यानंतर येते. आणि कालिदासाची शकुंतला सातव्या अंकात शिकलेली आहे. राजा ती अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो तेव्हा ती म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच घाला. रंगभूमीवर हे वाक्य लाडिकपणे म्हटलेले मी ऐकले आहे. ते लाडिक नाही. आपली ओळख एका धातूच्या तुकड्यावर अवलंबून ठेवली तर काय होते हे सोसलेल्या बाईचा तो व्यवहारी नकार आहे.

असा नकार देण्याची सोय व्यवस्थेत हवी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकात ती काही प्रमाणात आहे : अनधिकृत व्यवहारात ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने घडले असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. या कलमांखाली राक्षसाचा खटला चालवून पाहिला तर तो गुंतागुंतीचा होतो. बायकोला अंगठी देणे हा निष्काळजीपणा का? परत मिळालेली अंगठी न तपासता शकटदासाला देणे? याच परिपत्रकात आणखी एक अट आहे, की प्रत्येक व्यवहाराचा संदेश ग्राहकाच्या फोनवर गेला पाहिजे. चाणक्याने पत्रावर मोहोर उमटवली त्या दिवशी राक्षस पाटलीपुत्राबाहेर होता, आणि त्याला काहीच कळले नाही.