शिकारकथेतल्या न मोजलेल्या गोळ्या

चंपावतच्या वाघिणीवर जिम कॉर्बेटनं शेवटची गोळी झाडली ती उसन्या बंदुकीतून. स्वतःच्या रायफलसाठी त्यानं तीनच काडतुसं बरोबर घेतली होती आणि ती संपली होती. जखमी वाघीण समोर. तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याच्या हातातली बंदूक घेतली आणि तसाच परत आला. नेम धरताना त्याला दिसलं की नळी आणि मागचा ब्रीच यांच्यामध्ये तीन अष्टमांश इंचाची फट आहे. तरी त्यानं चाप ओढला. नेम वाघिणीच्या उघड्या तोंडाचा होता, गोळी लागली पंजाला. तिच्यात जोर इतका कमी होता की नंतर ती त्यानं नखानं उकरून काढली. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी.

तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मी चिंचवडला राहतो. इथं फट मोजायला फीलर गेज वापरतात, त्याची सगळ्यात पातळ पट्टी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. साडेनऊ मिलिमीटरला इथं कुणी फट म्हणणार नाही, खिंडार म्हणेल.

ही घटना १९०७ ची आणि पुस्तक, ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’, १९४४ चं. वाचणाऱ्यांच्या लक्षात राहतो तो ४३६ हा बळींचा आकडा. माझ्या डोक्यात ही फट राहिली. कारण शिकारकथा म्हणून आपण जे वाचतो, बघतो आणि हल्ली खेळतो, त्यात बंदूक नेहमी बरोबरच असते. चुकला तर माणूस चुकतो, हात थरथरतो, वारा फिरतो, नशीब फिरतं. पण बंदूक जिथं बघते तिथंच मारते का, हा प्रश्न गोष्टीत येतच नाही.

खऱ्या शिकारीत तो पहिला प्रश्न आहे. अमेरिकेत दरवर्षी हरणांचा सीझन उघडण्याआधी शिकारी रेंजवर जाऊन रायफल ‘झिरो’ करतात. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची. आधी २५ यार्डांवर कागदावर गोळी पडते का बघायचं, मग १०० यार्डांवर जायचं. तीन गोळ्या झाडायच्या, तिन्ही एकाच ठिकाणी नेम धरून. तीन भोकांचा मध्य काढायचा, तो नेमापासून किती लांब आहे ते मोजायचं, स्कोपवरची चकती तेवढी फिरवायची. बऱ्याच स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. गोळ्या तीन इंच डावीकडे पडत असतील तर उजवीकडे बारा क्लिक. पुन्हा तीन गोळ्या. मधे नळी थंड होऊ द्यायची, कारण गरम नळी वेगळी मारते. काडतुसाचा ब्रँड बदलला की पुन्हा पहिल्यापासून. स्कोपचे स्क्रू ढिले झाले, रायफल आपटली, की पुन्हा.

आपल्या पट्ट्यात ज्यांनी एक दिवस जरी सीएनसी शॉपवर काढला असेल, त्यांना हे ओळखीचं वाटेल. टूल बदललं की सेटर पहिला पीस कापतो, मायक्रोमीटरनं मोजतो, फरक ऑफसेटमध्ये टाकतो, दुसरा कापतो. क्वालिटीवाल्यानं पहिला पीस ओके केल्याशिवाय लॉट सुटत नाही. मी मेकॅनिकल करून कोडिंगमध्ये गेलेल्यांपैकी (इथं निम्मे तसेच), तरी हे चक्र अंगात मुरलेलं आहे. आणि तीनही भोकं एकमेकांना चिकटून पण नेमापासून लांब पडली, तर ती आनंदाची बातमी असते. चूक एकसारखी आहे म्हणजे ती दुरुस्त करता येते. भोकं कागदभर विखुरली तर चकती फिरवून काही होत नाही.

हरणाच्या छातीत हृदय-फुफ्फुसाचा भाग साधारण आठ इंचांचा धरतात. १०० यार्डांवर तीन इंच चुकणारी रायफल २०० यार्डांवर सहा इंच चुकते. म्हणजे गोळी पोटात. ते हरीण तिथं पडत नाही. ते पळतं, आणि कित्येक तासांनी कुठल्या तरी झुडपात मरतं.

आता ‘द डीअर हंटर’ घ्या. मायकेल चिमिनोचा १९७८ चा सिनेमा, ऑस्करविजेता, रॉबर्ट डी नीरो त्यात मायकेल नावाचा पोलाद कारखान्यातला कामगार आहे. हरीण एकाच गोळीत मारलं पाहिजे, हे त्याचं तत्त्व. सगळा सिनेमा त्या एका गोळीभोवती फिरतो, व्हिएतनाममधल्या रशियन रूलेपर्यंत. मला हा सिनेमा आवडतो, पण त्याची एक लबाडी डोळ्यात खुपते. मायकेलची तयारी दाखवली आहे ती आकाशात. सूर्याभोवतीची चमक बघून तो शिकारीचा शुभशकुन सांगतो. विसरलेल्या बुटांवरून तो मित्राशी भांडतो, म्हणजे तयारीची त्याला किती कदर आहे हे आपल्याला कळतं. पण एक गोळी पुरावी म्हणून आधी कागदावर घालवलेल्या तीस-चाळीस गोळ्या? त्या नाहीत. पोलाद वितळवणाऱ्या माणसाला मोजमाप कळत नसेल असं नाही; दिग्दर्शकाला ते पडद्यावर नको होतं. मोजमाप आलं असतं तर एका गोळीचं तत्त्व राहिलं नसतं, ती एक सेटिंग झाली असती. (डोंगरही तसेच. गोष्ट पेनसिल्व्हेनियातली, शिखरं वॉशिंग्टन राज्यातली.)

आपल्या पिढीची शिकारकथा मोबाईलवर आहे. बीजीएमआयमध्ये जमिनीवर पडलेला ४एक्स स्कोप उचलला की तो रायफलवर बसतो आणि त्याच क्षणी अचूक असतो. गोळी अंतरानुसार खाली येते, एवढं भौतिकशास्त्र खेळात आहे. स्कोप बसवणं हेच एक काम आहे, हे नाही. ‘द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड’ हा स्वीडिश खेळ थोडा पुढं जातो. त्यात झिरोइंग आहे, पण पॉइंट खर्चून मिळणारी सोय म्हणून. तरी एका गोष्टीसाठी मी त्याला मान देतो: प्राणी सापडल्यावर गोळी शरीरात कुठून कशी गेली ते तो दाखवतो, आणि नेम वाईट लागला असेल तर रक्ताच्या खुणा शोधत तुम्हाला चालायला लावतो. सिनेमाला जे जमलं नाही ते इथं थोडं जमलं आहे.

कॉर्बेट या सगळ्यांपेक्षा मोठा लेखक वाटतो तो इथं. ‘जंगल लोर’मध्ये लहानपणी त्याला मिळालेली ठासणीची बंदूक येते: दुनळी, उजवी नळी फाटलेली, दस्ता पितळी तारेनं बांधलेला. ज्याला अशा बंदुकीनं शिकवलं, तो बंदुकीवर आंधळा विश्वास ठेवत नाही. म्हणून चंपावतची ती फट तो लपवत नाही, आणि पंजातली गोळीही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर ती गोळी तोंडातच लागली असती.

आणि मग तो वाघिणीचं तोंड उघडून बघतो. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा सुळा तुटलेले, एक अर्धा, एक पार हाडापर्यंत. जुनी गोळी. त्यामुळे तिला नेहमीची शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट सांगतो. प्रस्तावनेतही त्याचं म्हणणं तेच आहे: वाघ नरभक्षक होतो तो बहुतेक वेळा जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे, आणि जखमेमागे कधी साळिंदराचे काटे असतात, कधी निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग न काढणारा शिकारी. मुलांना धाडसकथा म्हणून देतात त्या पुस्तकाची सुरुवात कुणाच्या तरी बिघडलेल्या नेमापासून होते.

जुन्या मराठीत ‘शिस्त’ म्हणजे नेम. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीची माशी लक्ष्यावर आणणे. आज तोच शब्द आपण शाळेच्या रांगेसाठी वापरतो. मराठी शिकारकथेत मचाण आहे, चांदणं आहे, पाचोळ्याचा आवाज आहे, चाप ओढणं तर आहेच. या जुन्या अर्थाची शिस्त मला तिथं क्वचितच भेटली.

आता ती लिहिली जाण्याची शक्यताही कमी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवान्यावर काही शिकार शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद केली, आणि बरं झालं. आपल्याकडे झिरोइंग उरलं ते कागदासाठी, बालेवाडीच्या रेंजवर. ते बघायचं असेल तर १ ऑगस्ट २०२४ आठवा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत तो ५९० गुणांनी सातवा होता. अशा फेरीआधी नेमबाजाला तयारीसाठी आणि सायटिंगसाठी १५ मिनिटं मिळतात. त्यातल्या गोळ्यांना गुण नसतात. बातम्यांत, रील्समध्ये त्या कुठंच आल्या नाहीत.

हे सगळं कथेत आणलं तर कंटाळवाणं होईल, असं एक मित्र म्हणाला. होईलही, वाईट लिहिलं तर. पण चंपावतच्या वाघिणीच्या सुळ्यांवर ज्यानं पहिली गोळी झाडली, त्याला कॉर्बेटनंही नाव दिलेलं नाही. कुठल्या तरी मुक्कामावर त्यानंही रात्री शेकोटीपाशी आपली गोष्ट सांगितली असेल. तिच्यात वाघीण थोडक्यात निसटली असेल, आणि बंदुकीबद्दल एक शब्द नसेल.