सहा नग, एक लॉट

शेरलॉक होम्सच्या छप्पन्न लघुकथांमधली सर्वांत सरस कोणती, या वादात प्रत्येकाची बाजू आधीच ठरलेली असते. कुणी ठिपकेदार पट्ट्याच्या सापापाशी अडून बसतो, कुणी लाल केसवाल्यांच्या मंडळापाशी. माझं मत ‘सहा नेपोलियन’ला. त्याला माझा पत्ताही थोडा कारणीभूत आहे. उल्हासनगर कॅम्प २ मध्ये, गजानन मार्केट आणि जपानी बाजाराच्या गजबजाटात वावरणाऱ्या माणसाला ही गोष्ट खुनाची वाटतच नाही. ती मालाची गोष्ट वाटते. माल कुठे तयार झाला, कुणी उचलला, कुणाला विकला, याची.

कॉनन डॉयलची ही कथा 1904 साली ‘स्ट्रँड’ मासिकात आली आणि पुढच्या वर्षी संग्रहात गेली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी इथेच थांबून आधी ती वाचावी, कारण पुढे मी सगळं फोडणार आहे. खरं तर उत्तर माहीत असूनही जी पुन्हा वाचवते तीच रहस्यकथा खरी, असं माझं मत आहे. पण पहिल्या वाचनाचा घास कुणाच्या तोंडून काढून घेऊ नये.

लंडनमध्ये कुणीतरी नेपोलियनचे प्लास्टरचे अर्धपुतळे फोडत सुटला आहे. पहिला दुकानाच्या काउंटरवरच फुटतो. दुसरा आणि तिसरा एका नेपोलियनभक्त डॉक्टरचे, एक त्याच्या घरातला, एक दोन मैलांवरच्या दवाखान्यातला. घरफोडी करून चोर आत शिरतो आणि बाकी कशालाही हात न लावता पाचपंचवीस रुपयांच्या लायकीचा पुतळा तेवढा उचलतो. वॉटसन डॉक्टर असल्यामुळे त्याला ताबडतोब मनोविकार दिसतो. इन्स्पेक्टर लेस्ट्रेडलाही वेडच दिसतं.

होम्सला मात्र एक बारीक गोष्ट दिसते, आणि रहस्यकथा कशी वाचावी याचा धडा मला तिथे मिळतो. डॉक्टरच्या घरात आवाज झाला असता तर माणसं जागी झाली असती. तिथला पुतळा बाहेर नेऊन बागेच्या भिंतीवर आपटलेला आहे. दवाखान्यात रात्री ऐकणारं कुणी नव्हतं. तिथला जागच्या जागी फोडला आहे. म्हणजे हा वेडा आवाजाचा हिशेब ठेवतो. हिशेब ठेवणारा वेडा हा वेडा नसतो, हे आमच्या बाजारात कुणालाही पटेल.

चौथ्या पुतळ्याबरोबर खून पडतो. पत्रकार होरेस हार्करच्या दारातच गळा चिरलेला माणूस सापडतो. त्याच्या खिशात एक सफरचंद, थोडी दोरी, लंडनचा स्वस्तातला नकाशा आणि एक फोटो. पुतळ्याचे तुकडे थोड्या अंतरावर, एका रिकाम्या घराच्या बागेत. वाटेत याच्याही आधी दुसरं एक रिकामं घर लागत होतं. मग चोर तिथे का थांबला नाही? होम्स मान वर करून रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवतो. चोराला फोडताना उजेड हवा होता. नुसतं फोडायचं असतं तर अंधारातही भागलं असतं; ज्याला उजेड लागतो तो काहीतरी शोधतो आहे. अख्ख्या कथेची किल्ली लेखकाने दिव्याखाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवली आहे, आणि तरीही पहिल्या वाचनात आपण हार्करकडे पाहून हसण्यात गुंतलेले असतो. बिचारा बातमीदार! स्वतःच्या उंबऱ्यावर खून होतो आणि गोंधळून गेल्यामुळे त्याला बातमी लिहिता येत नाही. इतर पेपरांच्या आवृत्त्या एव्हाना निघाल्याही असतील, हा मात्र अजून कागदापुढे बसलेला.

इथून पुढे कथा बाजारात शिरते आणि माझा जीव रमतो. लेस्ट्रेड सरकारी पद्धतीने मुडद्याच्या मागे लागतो: मेलेला कोण, कुठल्या टोळीतला. होम्स पुतळ्याच्या मागे लागतो. तो आधी किरकोळ विक्रेत्याकडे जातो. मोर्स हडसन हा तापट दुकानदार पोलिसांच्या नावाने शिमगा करत सांगतो की माल स्टेपनीच्या गेल्डर आणि कंपनीचा. मग होम्स कारखान्यात. मॅनेजर जर्मन, त्याची वही चोख. त्या लॉटमध्ये सहा नग होते. तीन हडसनला गेले, तीन हार्डिंग बंधूंना. होलसेल भाव सहा शिलिंग, दुकानात बारा किंवा वर. चेहऱ्याच्या दोन बाजूंचे दोन साचे, त्यातून प्लास्टरचे दोन अर्धे भाग काढायचे, जोडायचे आणि वाळायला मांडायचे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात श्रावणात डोकावलेल्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

या सहा नगांत वेगळं काही आहे का, असं होम्स विचारतो तेव्हा मॅनेजर हसतो. शेकडो काढले, सगळे सारखे. आणि तेही मूळ शिल्पावरून नव्हे, तर त्या शिल्पाच्या संगमरवरी प्रतीवरून. म्हणजे नकलेची नक्कल. उल्हासनगरकराला इथे गालातल्या गालात हसू येतं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा आमच्या गावाबद्दलचा विनोद मुंबईभर शिळा झालाय. डॉयलची गंमत अशी की त्याने मूळ कलाकृतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी किंमत त्याने एका स्वस्त नकलेच्या पोटात लपवली, आणि एकसारख्या सहांतली नेमकी कोणती, हे खुद्द लपवणाऱ्यालाही माहीत नाही अशी पाचर मारली.

लपवणारा बेप्पो. पीसवर काम करणारा इटालियन कारागीर. रस्त्यावर एकाला भोसकून तो पळत कारखान्यात शिरला, पोलीस पाठीवर, आणि ओल्या प्लास्टरच्या पुतळ्यात त्याने चोरीचा मोती खुपसला. पुढे वर्षभर तुरुंग. सुटून येतो तोवर माल विकला गेलेला. त्याचा सगळा तपास मग होम्ससारखाच चालतो: कारखान्यातून दुकानं, दुकानांतून गिऱ्हाइकं. चोर आणि गुप्तहेर एकाच वहीची पानं उलटत असतात, फक्त एक पाऊल मागेपुढे. मॅनेजर तारखा सांगतो: बेप्पोचा शेवटचा पगार 20 मे, लॉटची विक्री 3 जून. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कथा उलगडते. त्यात ना धावपळ, ना वेषांतर. रोजमेळ आणि विक्रीची वही, बस्स.

आमच्या मराठी रहस्यकथेने वेगळी चव लावली होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड थांबायचेच नाहीत, आणि वाचकालाही थांबू द्यायचे नाहीत. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. कॅम्पात त्यांच्या जोडीला हिंदी पॉकेटबुकंही असायची, सुरेंद्र मोहन पाठक आणि वेद प्रकाश शर्मांची. मराठी घरातला मुलगा आणि सिंधी घरातला मुलगा ती एकमेकांना देत घेत. त्या वाचनात वेग हाच रस होता, आणि त्या वेगाचं ऋण मी नाकारणार नाही. पण भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून होम्स भेटला की कळतं, गोष्ट सावकाश चालूनही धडधड वाढवू शकते. पाचवा पुतळा चिझिकला, सहावा रेडिंगला. तीन गेले, चौथा गेला, उरले दोन. ही वजाबाकीच उत्कंठा वाढवते.

चिझिकच्या अंधाऱ्या बागेत दबा धरून बसण्याचा प्रसंग छान आहे, पण तिथे पाचव्या पुतळ्यात काही निघत नाही, आणि लेस्ट्रेडच्या दृष्टीने खुनी सापडला म्हणजे काम संपलं. वाचक तिथे दोन प्रकारांत विभागला जातो. ज्याला ‘कुणी केलं’ एवढंच हवं, तो लेस्ट्रेडबरोबर टोपी घालून निघतो. ज्याला ‘कशासाठी’ हवं, तो बेकर स्ट्रीटवर दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहतो.

कथेत खोट आहे, तीही सांगायला हवी. बोर्जियांचा काळा मोती हरवल्याची हकिगत होम्स शेवटी एकदम काढतो. त्या चोरीत त्याचा सल्ला घेतला गेला होता, हे आपल्याला आधी कुठेच सांगितलेलं नाही. रोनाल्ड नॉक्सने 1929 साली रहस्यकथेचे दहा दंडक घातले, त्यांत हा प्रकार बसला नसता. दुसरी खोट जास्त टोचते. बेप्पोचं वर्णन माकडासारख्या चेहऱ्याचं, आणि इटालियन म्हटला की सुरा आलाच, असा एकूण सूर. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत निर्वासित येऊन राहिले, आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बाहेरून आलेल्यांकडे शेजारची वस्ती कोणत्या नजरेने बघते, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. सारख्याच बराकी, सारखेच चेहरे समजणारे लोक. आणि प्रत्येक दारामागे वेगळंच काही. डॉयलला पुतळ्यांबाबत जे कळलं ते माणसांबाबत कळलं नाही.

तरीही शेवटचा सौदा वाचताना मी हे सगळं माफ करतो. रेडिंगचे सँडफर्ड पिशवीत पुतळा घेऊन येतात. होम्सने दहा पौंड देऊ केलेले. म्हातारा प्रामाणिक, पैसे घेण्याआधी स्वतःच सांगतो की मला हा पंधरा शिलिंगांना पडला, हे तुम्हाला ठाऊक असावं. होम्स ठरलेला भावच देतो, पण साक्षीदारांसमोर एका कागदावर सही घेतो: या पुतळ्यावरचे माझे असतील नसतील ते सगळे हक्क तुमच्या नावे. सँडफर्ड गेल्यावर तो टेबलावर पांढरं कापड अंथरतो, मधोमध पुतळा ठेवतो आणि चाबकाच्या मुठीने टोला हाणतो. तुकड्यांतून मोती निघतो. वॉटसन आणि लेस्ट्रेड नाटकात वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवतात. त्या थंड माणसाच्या गालांवर क्षणभर रंग चढतो.

ओळखीच्या एका कापडवाल्या शेठना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते टाळ्यांपाशी थांबलेच नाहीत. त्यांना कागद खटकला. पुतळ्याचे हक्क घेतले, ठीक. पण मोती चोरीचा, आणि चोरीच्या मालावर सँडफर्डचा हक्क नव्हताच, मग त्याने लिहून काय दिलं? आणि ज्या राजपुत्राकडून मोती चोरला गेला, त्याला तो परत केला की नाही? मी पुस्तक पुन्हा उघडलं. डॉयल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. होम्स वॉटसनला मोती तिजोरीत ठेवायला सांगतो आणि लगेच पुढच्या प्रकरणाचे कागद मागवतो. ते प्रकरण बनावट दस्तऐवजांचं आहे. शेठ म्हणाले, मग तो कागदही एकदा तपासून घ्यायला हवा.